मध्ये कोणी पडायचे?

मुलाला मारण्याच्या क्रियेला मराठीत जितके शब्द आहेत, तितके त्याला समजावण्याच्या क्रियेला नाहीत. टपली, चापट, धपाटा, रट्टा, फटका, चपराक, मुस्काटात, कानाखाली, बडवणे, बदडणे, झोडपणे, फोडून काढणे अशी ही चढती भांजणी आहे. कोणता शब्द वापरला यावरून ऐकणाऱ्याला माराचे वजन कळते. कोल्हापूरकडच्या बोलीत ‘तंगडं मोडून हातात देईन’, ‘सोलून काढीन’ या धमक्यांची त्यात भर पडते. या धमक्या खऱ्या करायच्या नसतात, हे आईला ठाऊक असते आणि पोरालाही. अडचण वेगळीच आहे. टपली कुठे संपते आणि झोडपणे कुठे सुरू होते, ती रेघ रागाच्या भरात मारणाऱ्याला दिसत नाही. ती दिसते बाजूला उभ्या असलेल्या माणसाला, आणि तो बहुतेक वेळा गप्प असतो.

रविवारी संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर दिसणारा प्रसंग घ्यावा. चार वर्षांचे पोरगे फुग्यासाठी हटून बसलेले असते. आईच्या एका हातात भेळेचा कागद, खांद्याला पिशवी, कडेवर धाकटे. आधी ती डोळे वटारते, मग ‘घरी चल, बघते तुला’ म्हणते. पोरगे जमिनीवर लोळण घेते. भोवतालची चार माणसे वळून बघतात आणि त्यानंतर पाठीत धपाटा बसतो. पोर किंचाळते, भेळ सांडते आणि दुसरा धपाटा पहिल्याहून जोरात बसतो. बघणारी माणसे आता माना फिरवतात आणि तलावाकडे बघू लागतात.

यात नीट बघण्यासारखा क्षण पहिल्या धपाट्याच्या आधीचा आहे, माणसे वळून बघतात तो. चारचौघांत पोर ऐकत नाही म्हणजे आईने वळण लावले नाही, असा बोल तिच्यावर येतो. बापावर तो सहसा येत नाही. घरी हाच हट्ट तिने कदाचित हसून सोडून दिला असता. रस्त्यावर मात्र आपण ‘लाडावून ठेवणारी’ नाही हे तिला दाखवून द्यावे लागते, आणि ते दाखवण्याचा सर्वांत जवळचा मार्ग पोराच्या पाठीवरून जातो. म्हणून बघणाऱ्यांनी मध्ये पडावे की नाही हा प्रश्न थोडा उशिराच विचारला जातो. नुसते वळून बघितले तेव्हाच ते त्या प्रसंगात आलेले असतात.

मध्ये पडणे ही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत, खेड्यातल्या गल्लीत घरे एकमेकांना लागून होती तेव्हा पोराच्या रडण्याचा आवाज चार घरांत जायचा आणि कुठल्यातरी उंबऱ्यावरून एक म्हातारी उठून यायची. ‘आता बास! लेकरू हाय ते. जीव घेतीस व्हय त्याचा?’ असे म्हणत ती पोराला पदराखाली घ्यायची आणि त्याच दमात सुनेला सांगायची, ‘जा, च्या ठेव जा.’ एवढ्या बोलण्यात बरेच काही होते. पोराला आडोसा मिळे, मारणारीला तिथून बाजूला होण्याची वाट मिळे आणि दोघांपैकी कोणाचाही अपमान होत नसे. शेजारची म्हातारी मध्ये पडली म्हणून सुनेला कमीपणा वाटत नसे, कारण तिने तेच सगळ्या गल्लीत केलेले असे. घरे बंद दाराची झाली, म्हाताऱ्या माणसांचे ऐकायची रीत कमी झाली आणि ही व्यवस्था कोणी न मोडता आपोआप मोडली.

माराला प्रेमाची साक्ष मानण्याची सवयही जुनी आहे. पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे ताडन करावे आणि सोळाव्या वर्षी मुलाला मित्र मानावे, अशा अर्थाचे चाणक्याच्या नावावरचे सुभाषित पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते आणि मग तिच्याच डोळ्यांत पाणी येते. मराठी वाचकाच्या मनावर हा प्रसंग कोरलेला आहे. पण आठवण राहते ती मारामुळे मुलगा घडला याची. श्यामला घडवले ते त्या आईच्या रोजच्या शेकडो समजावण्यांनी. पुस्तकभर त्याच पसरलेल्या आहेत, आणि मार त्यात अगदी थोडा आहे. ‘आम्हीही मार खाल्ला, आमचं काय वाईट झालं?’ असे म्हणणाऱ्यांच्या बाबतीतही असेच घडलेले असते. त्यांना माराखेरीज आणखी पुष्कळ काही मिळालेले असते आणि त्याचे श्रेय मार घेऊन जातो.

शाळेतला मार हा वेगळा धागा. पंतोजींच्या शाळेतली छडी, अंगठे धरून ओणवे उभे करणे, पाठीवर दगड ठेवणे, कोंबडा करणे, उठाबशा काढायला लावणे हे प्रकार विसाव्या शतकातही बरेच टिकले. याच कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले आणि भीतीला जागा नसलेली प्राथमिक शाळा चालू शकते हे दाखवून दिले. शिक्षकांना शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या या बाईंची मांडणी सरळ होती. मूल शिकण्यात रमले की त्याला गप्प बसवण्याची गरजच बरीचशी संपते. त्यांचा हा प्रयोग घरालाही तितकाच लागू पडतो. रंकाळ्यावर निघताना ‘आज फुगा नाही, भेळ आहे’ हे आधी सांगणे, हट्ट सुरू झाला की उचलून गर्दीतून बाजूला नेणे, सांगितलेला एकच नियम रोज तसाच पाळणे, या साध्या गोष्टी आहेत. मारापेक्षा त्यांना वेळ जास्त लागतो. दिवसभराच्या कामाने मोडलेल्या माणसाकडे नेमका तोच नसतो.

मार लगेच लागू पडतो, हे खरे आहे आणि ते नाकारून उपयोग नाही. धपाटा बसला की हट्ट थांबतो, निदान रडण्यात बदलतो. म्हणूनच तो पुन्हा वापरला जातो. पण मुलाला त्याची सवय होते, पूर्वीच्या मापाचा मार पुरेनासा होतो आणि हात जड होत जातो. मूल शिकते तेही निराळेच. वस्तू फोडू नये यापेक्षा फोडलेली वस्तू लपवावी कशी, हे त्याला आधी कळते. एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकी अभ्यासकांनी 2016 मध्ये पन्नास वर्षांतल्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. त्यात सुमारे 1 लाख 60 हजार मुलांची माहिती होती. जिथे मार जास्त, तिथे उद्धटपणा, आक्रमकपणा आणि मानसिक त्रासही जास्त, असे त्यातून दिसले. व्रात्य मुलेच जास्त मार खाणार, मग दोष माराचा कसा, अशी शंका यावर रास्तपणे घेतली जाते. तिचे उत्तर शोधायचे तर त्याच मुलांकडे काही वर्षांनी पुन्हा जावे लागते. अशा 69 अभ्यासांचा आढावा 2021 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. माराने काळाच्या ओघात मुलांचे वागणे सुधारते असा पुरावा त्यांत मिळाला नाही, उलट ते बिघडत गेल्याचेच दिसले.

शरीराचा हिशेब तर आणखी सरळ आहे. कानाखाली मारलेल्या थपडेने कानाच्या नळीतली हवा एकदम दाबली जाते आणि कानाचा पडदा फाटू शकतो. तान्ह्या बाळाला रागाने गदागदा हलवले तर कोवळ्या मानेला जड डोके सावरत नाही आणि मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्या तुटू शकतात. वरून वळसुद्धा दिसत नाही.

भारतात हे किती चालते? महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये महाराष्ट्र आणि गोव्यासह 13 राज्यांतल्या 12,447 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मार सोसला होता. ज्यांनी घरात तो सोसला, त्यांच्यापैकी 88.6 टक्क्यांना मारणारे आईवडीलच होते. बहुतेक घरांत हा मार धपाट्यापाशी थांबतो. पण जून 2025 मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात वैद्यकीय प्रवेशाच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून सतरा वर्षांच्या मुलीला वडिलांनी लाकडी खुंट्याने मारले आणि तिचा मृत्यू झाला, असे प्रकरण नोंदले गेले. वडिलांना अटक झाली. ते स्वतः शाळेत मुख्याध्यापक होते. ‘तिच्या भल्यासाठी’ हे शब्द किती लांबपर्यंत नेऊ शकतात, हे या भागातल्या माणसांनी त्या आठवड्यात वाचले.

कायद्याची स्थिती शाळेसाठी स्पष्ट आणि घरासाठी धूसर आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. गोव्याच्या 2003 च्या बाल कायद्यातही शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी आहे. तरी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने दोन लहान बहिणींना मारल्याबद्दल दोषी ठरलेल्या एका शिक्षिकेची शिक्षा रद्द केली आणि शिस्तीसाठी मुलाला सुधारणे हा गुन्हा ठरत नाही, अशा आशयाचे मत नोंदवले. शाळेतच एवढा गोंधळ असेल, तर घराची गोष्ट निराळी राहणारच.

घरात आईवडिलांनी मारण्यावर भारतात थेट बंदी नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 27, म्हणजे जुन्या दंडविधानातले कलम 89, बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकाने सद्‌हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण देते. ते अमर्याद नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 75 मुलाचा ताबा असलेल्या कोणालाही लागू होते, आणि त्यात आईवडील येतात. मुलाला अनावश्यक शारीरिक किंवा मानसिक यातना होतील अशा रीतीने मारहाण केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘अनावश्यक’ म्हणजे किती, हे कायदा मोजून सांगत नाही. पाठीत एक धपाटा आणि पट्ट्याने उठवलेले वळ यांच्यामधला मोठा पट्टा त्यामुळे माणसांच्या समजुतीवर सोडलेला आहे.

घरच्या उंबऱ्याच्या आत सरकारने डोकवावे का, हा आक्षेप इथे हमखास येतो. कोल्हापूरने त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच दिले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पोर आमचे, त्याला शेतात धाडायचे की शाळेत ते आम्ही ठरवू, असे म्हणण्याचा हक्क त्या दिवशी संपला. दोन वर्षांनी, 1919 मध्ये, स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदाही याच संस्थानात झाला. बायकोला मारणे हा नवऱ्याचा घरगुती मामला समजला जात होता, तो काळ. मुलाच्या पाठीवरचा मार एवढा एकच आज घरगुती मामला म्हणून उरला आहे.

स्वीडनने 1979 मध्ये आईवडिलांच्या मारावर बंदी घातली, ती जगातली पहिली. तो नियम दंडसंहितेत न घालता पालकांच्या कर्तव्यांच्या कायद्यात घातला गेला आणि त्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापून घरोघरी पोचवली. गोकुळ दुधाच्या पिशवीवर रोज सकाळी तो मजकूर यावा, तशी ही गोष्ट. आज साठाहून अधिक देशांत अशी बंदी आहे. दक्षिण आशियात नेपाळने 2018 मध्ये ती सर्वांत आधी केली. स्कॉटलंडमध्ये 2020 पासून आणि वेल्समध्ये 2022 पासून ती लागू आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबाने भर बाजारात मुलाला धपाटा घातला, तर कोणी मान फिरवून तलावाकडे बघेल अशी खात्री उरलेली नाही.

इथली माणसे मान का फिरवतात? निर्दयपणा हे त्याचे कारण क्वचितच असते. जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये न्यूयॉर्कमधल्या प्रयोगात दाखवले, की बघणारे जितके जास्त तितकी प्रत्येकाची पुढे होण्याची शक्यता कमी. दुसरा कोणीतरी बोलेल असे प्रत्येकाला वाटते आणि कोणीच बोलत नाही म्हणजे काही गंभीर नसावे, असे सगळ्यांना वाटू लागते. महाराष्ट्रात आणखी एक भीती आहे आणि ती खोटी नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. तेव्हा परक्या मुलाला उचलू नये, हात धरून बाजूला नेऊ नये, खाऊ देऊ नये. बोलायचे ते मोठ्या माणसाशी.

बोलायचे काय, हे म्हातारीकडूनच शिकावे. ‘लाज नाही वाटत लेकराला मारायला?’ असे म्हटले तर बोलणाऱ्याचे समाधान होते, पण तो अपमान आई घरी घेऊन जाते आणि तिथे त्याची वसुली पोराकडून होते. ‘दमलासा काय ताई? द्या ती पिशवी हिकडं, धरतो मी,’ एवढे म्हटले तरी उगारलेला हात खाली येतो, कारण त्या हाताला दुसरे काम मिळते. ‘आमचं बी असंच करायचं ह्या वयात’ हे वाक्य त्याहून मोलाचे. तिच्यावर ठपका ठेवायला कोणी उभे नाही, हे त्यातून तिला कळते. पोराला नुसते ‘काय रं, नाव काय तुझं?’ विचारले तरी रडण्याची लय तुटते. एसटीत असेल तर कंडक्टर, दुकानापुढे असेल तर दुकानदार बोलला तर त्याचे ऐकले जाते, कारण तिथे त्याचा हक्क मानला जातो. मारणारा दारू प्यायलेला असेल तर एकट्याने पुढे न होता दोघा-तिघांनी मिळून जावे.

शेजारच्या भिंतीतून रोज येणारा आवाज अधिक अवघड असतो. रागाच्या क्षणी दार वाजवायला निमित्त लागते आणि मराठी घरात ते कधी कमी पडत नाही. विरजणाला दही, पाण्याच्या वेळेची चौकशी, पेपर आला का, काहीही चालते. दार उघडायला उठलेला माणूस परत येतो तेव्हा त्याचा राग अर्धा उतरलेला असतो. खरे बोलणे दुसऱ्या दिवशी, सगळे शांत असताना करावे. संध्याकाळी तासभर पोराला आमच्याकडे पाठवा, असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यामुळे कितीतरी घरांतला मार कमी होऊ शकतो.

काही खुणा दिसल्यावर मात्र गोडीगुलाबीत वेळ घालवू नये. पट्टा, काठी, उलथने, तापवलेला चमचा यांचा वापर, डोक्यावर किंवा कानावर मार, तान्हे बाळ, अंगावर निरनिराळ्या दिवसांचे वळ, माणसांना बघून अंग चोरणारे मूल, यांपैकी काहीही दिसले तर 1098 हा नंबर लावावा. ही सेवा 1996 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली, देशभर पसरली आणि 2023 पासून सरकारी यंत्रणेत येऊन 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. ती चोवीस तास चालते, फोन मोफत आहे आणि फोन करणाऱ्याने नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. त्या क्षणी जीवाला धोका दिसत असेल तर थेट 112.

मोबाइल बाहेर काढून चित्रण करणे हा आज पुष्कळांना मध्ये पडण्याचा प्रकार वाटतो. पोलिसांना किंवा बाल कल्याण समितीला देण्यासाठी ते पुरावा ठरू शकते. तेच गटागटांत फिरवले तर मार खाणाऱ्या मुलाचा चेहरा वर्गातल्या सगळ्यांच्या घरी पोचतो. पीडित मुलाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यावर बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार बंदी आहे आणि तिच्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे.

तक्रार केली तर पोराला आईपासून तोडून नेतील, या भीतीने शेजारी हात आखडता घेतात. कायद्याचा रोख तसा नाही. मूल शक्यतो स्वतःच्या कुटुंबात वाढावे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, हे बाल न्याय कायद्याच्या मूलतत्त्वांतच लिहिलेले आहे. जिल्ह्याची बाल कल्याण समिती आधी घरची परिस्थिती तपासायला लावते. कर्ज, व्यसन, आजारपण, आईवरच होणारी मारहाण, मुलाची शिकण्यातली एखादी न ओळखलेली अडचण, यांतले काहीतरी त्या चौकशीत वर येते. मग समुपदेशन आणि देखरेख ठेवून मूल घरीच राहू शकते. खेड्यात सरपंचांच्या अध्यक्षतेखालच्या ग्राम बाल संरक्षण समितीकडेही बोलता येते. अंगणवाडी सेविका तिच्यात असते. कोणत्या घरात काय चालले आहे याचा अंदाज तिला बहुधा आधीच असतो, कारण मार खाल्लेली पोरे खिचडी खायला तिच्याच पुढ्यात येऊन बसतात.